ये म्हणायची खूण

नगर कॅम्प, पागेमागची खोली
सोमवार, ता. ६ जानेवारी १९४७

माझी लेक एली हिला बाबांचा सलाम.

तू कशी आहेस? पावसाळ्यात तुझ्या टाचेत काटा मोडला होता आणि ती पिकली होती, असं तुमच्या कोल्हारहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईनं तुझ्या आईला सांगितलं. आता पाय टेकतो ना? जावईबापूंचा खोकला कसा आहे? योहानराव फळा पुसताना तोंडावर रुमाल धरत नाहीत, त्यांना म्हणावं धरा, खडूची भुकटी छातीत बसते. केशरबाई विहिणींचे गुडघे थंडीत धरत असतील. त्यांना निरगुडीचा शेक द्या. म्हैस व्यायली का? पारडी झाली की रेडा?

आणि माझी नात मरू. तिचं मी शेवटी विचारतो म्हणून रागावू नको. शेवटी विचारायचं असतं ते आधीपासून तोंडात असतं. मरू बरी आहे का?

तुझी आई बरी आहे. दोन वर्षं झाली, ती माझ्याशी बोलत नाही. चुलीशी बोलते. मी भाकरीला बसलो की म्हणते, "चुलीबाई, त्यानला सांग, पीठ सरलं." मी म्हणतो, "चुलीबाई, तिला सांग, आणतो." चूल बिचारी मधल्यामधे जळते. हसलीस का? हसली असशील तर कळव.

आता कामाचं सांगतो. आमच्या मेजरसाहेबांना नवा छंद लागलाय. कुत्री शर्यतीला उभी करायची. पळायची शर्यत नव्हे, नुसती उभी राहायची. लढाई संपल्यापासून कॅम्पात असं प्रदर्शन भरलं नव्हतं, ते फेब्रुवारीत परेडच्या मैदानावर भरतंय. साहेबानं आजवर शिकारीला कुत्री पाळली, पण हे त्यालाही नवं आणि मलाही नवं. विलायतेहून एक पातळ पुस्तक मागवलंय. मी डब्यावरची अक्षरं लावून लावून वाचतो. तुला आठवतं, कुत्र्यांच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावरून आपण दोघं इंग्रजी अक्षरं लावायचो? तू सात वर्षांची होतीस. तू माझ्या आधी शिकलीस, मला मागून कळलं.

पुस्तकात लिहिलंय की कुत्र्याचं डोकं अंड्यासारखं पाहिजे, कपाळावर खळगा नको. पाठ आखूड, छाती रुंद, डोळा बारीक आणि तिरका. दातावर दात कात्रीसारखा बसला पाहिजे. आमची लेडी तशी आहे. पांढरी बुल टेरिअर, पावणेदोन वर्षांची, अंगावर दुसऱ्या रंगाचा ठिपका नाही. साहेबानं तिलाच निवडलं. तुझी आई तिला ढमी म्हणते आणि लपवून भाकरीचा पापुद्रा घालते. मला वाटतं, घरात मनमोकळं बोलणं आता त्या दोघींचंच चालतं.

लेडीची एक गोष्ट आहे, ती फक्त मला आणि तुझ्या आईला ठाऊक आहे. पुढल्या पत्रात सांगीन.

दोन ओळी तरी लिही. लवकर लिही.

तुझा बाबा,
दानीएल


नगर कॅम्प
रविवार, ता. २ फेब्रुवारी १९४७

एलीस बाबांचा सलाम.

तुझं पत्र आलं नाही. डाक उशिरा येते, म्हणून मीच पुन्हा बसलो. सगळी बरी असाल अशी आशा करतो.

साहेब गेल्या मंगळवारी घोड्यावरून पडला. उजवा हात मोडला, गळ्यात बांधलाय. गोऱ्यांत चाल अशी की प्रदर्शनात ज्याचं कुत्रं त्यानंच धरायचं. नोकरानं कडेला टॉवेल घेऊन उभं राहायचं. आता साहेब म्हणतो, "दानीएल, तू धर." मी! चौसष्ट वर्षांचा माणूस, मेसमधल्या बटलरचा कोट मागून घेऊन, सगळ्या कॅम्पासमोर! तुझी आई चुलीला म्हणाली, "चुलीबाई, बघून ठेव, आता हे आरशात बघत्याल." मी बघितलंच होतं.

तालीम सांगतो. दोरी ढिली ठेवायची. कुत्र्याला ओढून उभं केलं तर पंच लगेच ओळखतो. चारी पाय चौकोनी टेकले पाहिजेत. मग पंच येतो, ओठ वर करून दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, तेव्हा ते गुरगुरता कामा नये. मग गोल चक्कर मारायची, कुत्रं पंचाच्या बाजूला, आपण बाहेरच्या. आदल्या दिवशी अंघोळ, सकाळी अंगात खडूची भुकटी चोळायची आणि ब्रशनं झाडायची, म्हणजे पांढरं आणखी पांढरं दिसतं. भुकटी झाडताना मला योहानरावांचा खोकला आठवतो.

आता ती गोष्ट. लेडी बहिरी आहे. जन्मापासून.

या पांढऱ्या जातीत ते निघतं. विणीत पाच-सहा पिल्लं झाली की एखादं तसं असतं. पिल्लू पाच आठवड्यांचं झालं की मी त्याच्या मागं बसतो आणि पितळी थाळीवर पळी मारतो. बाकीची दचकतात, वळतात. जे खात राहतं ते बहिरं. ते बादलीत. हा साहेबांचा कायदा आहे, माझ्या पहिल्या साहेबापासूनचा, कारण बहिरीला बहिरी होतात आणि जात बिघडते. बादली माझ्याच हातची. पाणी कोमट घ्यायचो, एवढीच दया. किती झाली ते मी कधी मोजलं नाही, आणि खरं सांगतो एली, जेवणही कधी चुकलं नाही.

लेडीच्या खेपेला थाळी वाजली. चौघं वळली. ती खात राहिली. मी बादलीत पाणीही भरलं होतं. पण माझा हात चालला नाही. का चालला नाही ते तुला ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही. साहेबाला सांगितलं, पाचही चांगली आहेत.

तेव्हापासून तिला मी हातानं बोलतो. तळहात पुढं केला की थांब. मांडीवर दोनदा थापटलं की ये. नाकाला बोट लावलं की माझ्याकडं बघ. लांब असली तर जमिनीवर पाय आपटतो, तिला तळव्यातून कळतं. बावीस खुणा झाल्यात. साहेब समोर असला की तोंडानंही हाक मारतो आणि खाली हात हलवतो. साहेबाला वाटतं माझ्या आवाजात जरब आहे! तिला दोन नावं आहेत, तिनं एकही ऐकलेलं नाही, तरी बोलावलं की येते.

मला वाटलं हे तुला कळवावं. मरूला उपयोगी पडेल.

उत्तराची वाट बघतो, उशीर करू नको.

बाबा


नगर कॅम्प
बुधवार, ता. १२ फेब्रुवारी १९४७

एली,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. तेच आहे, पुढं कललेलं. "मरू कुत्री नाही. पुन्हा लिहू नका." तुझ्या आईनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. म्हणजे चुलीला म्हणाली, "त्यानला म्हनावं वाचा." मी वाचलं. ती म्हणाली, "आता आनिक एकदा." मी आणखी एकदा वाचलं.

तू म्हणतेस लिहू नका, आणि मी लिहितोय. हे एक मनात होतं ते लिहिलं नाही तर बाकी सगळी पत्रं खोटी. दोन्ही पत्रांत मी आजूबाजूनं गेलो.

नाताळचा दिवस, चव्वेचाळीस साल. देवळाच्या आवारात पंगत बसली होती. तू मरूला नवा हिरवा झगा घालून कोल्हारहून आणलंस. दोन वर्षांची पोर, माझ्याकडं पाठ करून भात खात होती. मी हाक मारली, मरू. पुन्हा मारली. तू म्हणालीस, "बाबा, खेळात असली की बघत न्हाई ती, लई नादिष्ट हाय." तुला ठाऊक नव्हतं. तुला खरंच ठाऊक नव्हतं, हे मला नंतर कळलं. मी वाढणारणीच्या हातातली थाळी घेतली, पोरीच्या मागं उकिडवा बसलो, आणि पळी मारली.

अख्खी पंगत वळली. म्हातारे वळले. ती भात खात राहिली.

आणि मी पागेत म्हणतो तसं डोकं हलवून म्हणालो, "बहिरं हाय. असलं पिल्लू साहेब ठेवत न्हाईत." आणि हसलो. गंमत केली असं वाटलं मला. चाळीस वर्षं त्या वाक्यावर सगळे नोकर हसत आलेत. पंगतीतही दोघंतिघं हसले.

तू हसली नाहीस. तू मरूचा हात पाण्यानं धुतलास, बोटं एकेक करून पुसलीस, आणि उठलीस. मी मागून हाक मारली. त्या दिवशी तूही ऐकलं नाहीस.

लेडी तीन महिन्यांनी जन्मली. म्हणून हात चालला नाही. झालं, लिहिलं.

शनिवारी प्रदर्शन आहे. तुझ्या उत्तराची वाट बघतो असं म्हणायला तोंड नाही. तरी बघतो.

दानीएल


नगर कॅम्प
शनिवार, ता. १५ फेब्रुवारी १९४७, दिवेलागण

एली! एलीबाई!

पहिला नंबर!

ऐक. मैदानात तीस-पस्तीस कुत्री. आमच्या वर्गात, म्हणजे पहिल्यांदाच उतरलेल्यांच्या वर्गात, नऊ. आठ गोरे आणि मी. एक मेमसाहेब मला म्हणाली, "बॉय, तुझा साहेब कुठे आहे?" मी म्हणालो, "मॅडम, त्यांचा हात आहे गळ्यात, त्यांचा दुसरा हात मी." ती हसली. मीही हसलो, पण दोरी ढिलीच ठेवली.

पंच म्हणजे पुण्याचा एक म्हातारा कर्नल. तो दुसऱ्या कुत्र्याचे दात बघत होता, तोच बँडवाल्यांनी मागं एकदम ढोल सुरू केला. आणि काय सांगू, आठ कुत्री उसळली! एकानं पंचाची टोपी पाडली, दोन एकमेकांना भिडली, एक मेमसाहेब खाली बसली ती बसलीच. लेडी? लेडी माझ्या हाताकडं बघत उभी. चारी पाय चौकोनी. कान ताठ. शेपूट सरळ. मी तळहात पुढं केलेला, आणि ती त्या तळहाताकडं असं बघत होती, जशी देवळात म्हातारी माणसं वेदीकडं बघतात.

कर्नल आला. दात बघितले, पाठ बघितली, आणि साहेबाला म्हणाला, "अशी धिटाई मी तीस वर्षांत बघितली नाही. आपल्या माणसावरून डोळा काढत नाही." लाल फीत तिच्या पट्ट्याला बांधली. साहेबानं डाव्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारली.

आणि मग मी एक काम केलं, ते तुझ्यासाठी केलं. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी टेबलावर बक्षिसाची कार्डं लिहीत होता. मी पुढं होऊन म्हणालो, "साहेब, एक मेहरबानी करा. लेडीच्या नावापुढं लिहा, बहिरी आहे म्हणून. बहिरी असून पहिली आली." मला ते गोऱ्यांच्या अक्षरात, शिक्क्यासकट पाहिजे होतं. ते कार्ड मरूच्या नावानं तुला पाठवायचं, तू भिंतीला लावायचं, आणि पंगतीतले जे हसले त्यांनी वाचायचं, मीसुद्धा.

सेक्रेटरीनं लेखणी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, मग साहेबाकडं. साहेब तांबडा झाला. मला वाटलं अभिमानानं. त्यांनी आपसात काही बोलून घेतलं आणि मला सांगितलं, लेडीला घेऊन घरी जा, उद्या बंगल्यावर ये. कार्डावर लिहितात की नाही ते उद्या कळेल.

आणखी ऐक. साहेब उन्हाळ्यात कायमचा विलायतेला निघालाय. कुत्री तो नेणार नाही. मी लेडी मागून घेणार आणि कोल्हारला घेऊन येणार. बावीस खुणा तिला येतात. मरू आणि ती, दोघींचं आमच्यावाचून जमेल. तू नुसतं हो म्हण.

तुझी आई आज लेडीला जवळ घेऊन बसलीय. चुलीला म्हणाली, "त्यानला सांग, चांगलं झालं." दोन वर्षांत पहिल्यांदा.

लवकर लिही गं बाई.

बाबा


नगर कॅम्प
गुरुवार, ता. २० फेब्रुवारी १९४७

एलीस,

तुझी आई पोचली का? मोटारीत तिला मळमळतं, लिंबू विसरून गेली. तिची पाठ कशी आहे? तुझी टाच? योहानरावांचा खोकला? केशरबाईंना सलाम. मरू बरी आहे का? या वेळेला मी मरूचं आधी विचारणार होतो. सवयीनं शेवटी आलं.

आईनं तुला सांगितलं असेल. तरी माझ्या हातचं असावं म्हणून लिहितो.

रविवारी बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात जेवणाच्या वेळी वाजवायची घंटा टांगलीय, ताटाएवढी, पितळेची. साहेब, सेक्रेटरी आणि पंच कर्नल तिथं खुर्च्यांवर बसले होते. साहेब म्हणाला, "तिला तिकडं तोंड करून बसव." मी बसवली. सेक्रेटरीनं तिच्या मागं जाऊन घंटा मारली. बागेतले कावळे उडाले. लेडी बसून होती, फुलझाडाकडं बघत.

पुन्हा मारली. तिसऱ्यांदा साहेबानं डाव्या हातानं स्वतः मारली. कर्नल उठला, टोपी घातली आणि गेला.

साहेब मला म्हणाला, "तू मला चारचौघांत लबाड ठरवलंस." मी म्हणालो, "साहेब, मी तर खरं सांगितलं." तो म्हणाला, "दोन वर्षांनी." मी म्हणालो, कुत्री मला द्या, मी गावाला नेतो, पुन्हा कॅम्पात दिसणार नाही. तो म्हणाला, "गावाला नेशील आणि तिची पिल्लं माझं नाव सांगत फिरतील. उद्या सकाळी पागेमागं आण."

मी रविवारीच तिला घेऊन निघायला पाहिजे होतं. कोल्हारची वाट मला पाठ आहे. तुझी आई चुलीला नव्हे, भिंतीला नव्हे, कुणाकडंच न बघता म्हणत होती, "चला. चला निघू. काय ठिवलंय हितं?" मी म्हणालो, साहेबाचा राग सकाळपर्यंत उतरेल. चाळीस वर्षं मी त्यांचे राग उतरताना बघितलेत. आणि हेही लिहितो: ही खोली सोडायची मला भीती वाटली.

सोमवारी सकाळी नेली. साहेबाच्या डाव्या हातात पिस्तूल होतं. डावा हात त्याला सवयीचा नव्हता. मला म्हणाला, "दानीएल, ती हलली तर माझा नेम चुकेल आणि तिचेच हाल होतील. तुझी ती काय खूण आहे, ती कर."

एली, मी मांडीवर दोनदा थापटलं असतं तर ती माझ्याकडं पळत आली असती. पाय आपटला असता तरी चमकली असती. भिंत बुटकी होती, ती उडी मारून जाणारी होती. बावीस खुणा होत्या. मी तळहात पुढं केला.

ती थांबली. चारी पाय चौकोनी. तिला वाटलं प्रदर्शन आहे. माझ्या हाताकडं बघत शेपूट हलवली. साहेब तिच्या मागं आला, पिस्तुलाचा घोडा ओढला, तो आवाज मी ऐकला, तिनं नाही. माझा हात पुढंच होता. पहिली गोळी मानेला लागली. तरी ती माझ्या हाताकडंच बघत होती, कारण मी हात खाली घेतला नव्हता. मग दुसरी.

साहेबानं मला कार्ड दिलं. सेक्रेटरीनं पहिल्या नंबरावर लाल शाईची रेघ मारलीय आणि खाली लिहिलंय, बहिरी, म्हणून बाद. शिक्का आहे. जसं मागितलं होतं तसं, गोऱ्याच्या अक्षरात. ते मी पाठवत नाही.

खोलीवर आलो. तुझी आई उंबऱ्यात उभी होती. तिनं तिथून माझा हात बघितला होता, दोन आवाज ऐकले होते. दोन वर्षांनी ती माझ्या तोंडाकडं बघून बोलली. "तवा थाळी वाजीवली. आता हात दावला. तुमचं परेम लई वाईट हाय हो." आणि बोचकं बांधलं. मी म्हणालो, "बनू, माझा निरोप घेऊन जा, लेडीचा पट्टा मरूला दे." ती म्हणाली, "पट्टा कशाला? गळ्यात घालाया?"

मोटार सुटताना मी हाक मारली नाही.

आता चुलीशी मी बोलतो. चूल उत्तर देत नाही, तुझ्या आईला दोन वर्षं कसं जमलं कोण जाणे.

मागच्या एका पत्रात मी खुणा लिहिल्या होत्या. त्या कागदाला आग लाव. त्यातली एकही मरूला शिकवू नको, तळहाताची तर नकोच. मरूला उपयोगी पडेल म्हणत होतो, ते परत घेतो. चार वर्षांची पोर, तिनं आपल्या मनानं काही खुणा केल्याच असतील. पाणी, भूक, आई. मला त्या येत नाहीत. त्या मला शिकायच्यात. सगळ्या नकोत, एकच पुरे. कुणी दारात उभं असेल आणि त्याला आत घ्यायचं असेल तर तुझी मरू हात कसा करते, तेवढं कळव. मी इथं बसून शिकतो. मग कधीतरी फाटकाबाहेर उभा राहीन, आवाज करणार नाही, आणि ती तसा हात करते की नाही ते बघीन. नाही केला तर माघारी जाईन.

कार्डावर दोन ओळी पुरतील. अक्षरात जमत नसेल तर चित्र काढ. पण लवकर लिही, एली. माझा हात अजून पुढंच आहे, खाली येत नाही.

बाबा